चेहऱ्यावर चढवलेला चेहरा

नवी दिल्ली रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज ही जुनी, दाट वस्ती आहे. दिल्लीकर मराठी कुटुंबांची नूतन मराठी शाळा याच भागात आहे. स्थानक ओलांडून पूर्वेस गेले की अजमेरी दरवाजा लागतो व त्यापुढे रामलीला मैदान. पहाडगंजातच शीला हे चित्रपटगृह १९६१ मध्ये सुरू झाले. सत्तर मिलिमीटर रुंदीच्या फितीवरील चित्रपट दाखवणारे देशातील पहिले चित्रपटगृह म्हणून त्याची ख्याती होती. २०१७ मध्ये ते बंद झाले.

एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावरील या तीन जागा रंगभूषेच्या अभ्यासकाला पहिला धडा देतात. रामलीलेच्या मैदानावर प्रेक्षक शंभर-दोनशे पावलांवर बसलेला असतो. त्याला रावणाच्या मिशा दिसल्या आणि हनुमानाचा मुखवटा ओळखू आला म्हणजे पुरे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतील पालक वीस फुटांवर असतो. कपाळावर काळ्या पेन्सिलीने ओढलेल्या चार रेघा त्याला म्हातारपणाच्या सुरकुत्या वाटू शकतात. परंतु ‘शीला’सारख्या पडद्यावर नटाचा चेहरा माणसाच्या उंचीच्या कित्येक पट मोठा होतो. तेथे रेघ ही रेघच दिसते. त्वचेवरील एकेक रंध्र, पापणीची थरथर, ओठाजवळचा घाम, सारे उघडे पडते. प्रेक्षक जणू नटाच्या श्वासाइतका जवळ येतो.

चित्रपटासाठी कृत्रिम अवयव घडवण्याची कला या जवळिकीतून जन्मली. रंगाने केवळ छाया-प्रकाशाचा आभास निर्माण करता येतो. प्रत्यक्ष उंचवटा निर्माण करता येत नाही. नटाने मान वळवली, प्रकाशाची दिशा बदलली, की रंगवलेली सुरकुती जागच्या जागी थिजून राहते. म्हणून जेथे नाक, गाल, जखम अथवा वार्धक्य सर्व बाजूंनी खरे दिसायला हवे, तेथे त्याला आकार व जाडी द्यावी लागते. त्या आकाराला व्यवसायात ‘प्रोस्थेटिक’ असे म्हणतात.

शब्दाचे मूळ आणि कलेची नाती

‘प्रोस्थेटिक’ हा शब्द मुळात वैद्यकातला आहे. गमावलेल्या अवयवाच्या जागी बसवलेला कृत्रिम अवयव, असा त्याचा अर्थ. भारतीय वाचकाला याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘जयपूर फूट’. रामचंद्र शर्मा या कुशल कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपुरात रबराचे हे पाऊल घडवले. अनवाणी चालता यावे, मांडी घालून बसता यावे, हा त्यामागचा विचार होता. योगायोग असा की, त्याच वर्षी ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील वानरांच्या चेहऱ्यांसाठी जॉन चेंबर्स यांना ऑस्करचा विशेष सन्मान लाभला. चेंबर्स यांनी आपले कौशल्य प्रथम जखमी सैनिकांसाठी कृत्रिम नाक-कान बनवताना कमावले होते. रुग्णालय आणि चित्रपटसृष्टी यांच्यातील हे नाते अभ्यासकाने विसरू नये. दोन्ही ठिकाणी काम जिवंत शरीरावर चालते.

भारतीय परंपरेत या कलेला पूर्वज नाहीत असेही नाही. केरळातील कथकलीत नटाच्या जबड्याच्या कडेने उभारली जाणारी पांढरी ‘चुट्टी’ हा चेहऱ्यावर बांधलेला उंचवटाच आहे. तांदळाचे पीठ व चुना यांच्या लेपाने आणि कागदाच्या पट्ट्यांनी ती रचली जाते. त्या वेळी नट तासन्‌तास उताणा पडून राहतो. केरळ कलामंडलम्‌मध्ये चुट्टी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्रात जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्यापासून घडतात. मात्र मुखवटा चेहरा झाकतो, आणि चित्रपटातील कृत्रिम अवयवाने चेहऱ्याला बोलू दिले पाहिजे. मुखवट्याला स्वतःचा एकच भाव असतो. कृत्रिम अवयवाला स्वतःचा भाव असता कामा नये. नटाच्या स्नायूंची प्रत्येक हालचाल त्यातून वर उमटली पाहिजे.

चेहऱ्याचा ठसा

कामाचा आरंभ नटाच्या चेहऱ्याच्या ठशाने होतो. यासाठी दंतवैद्य दातांचा ठसा घेण्याकरिता वापरतात ते ॲल्जिनेट उपयोगी पडते. समुद्री शेवाळापासून मिळणारे हे द्रव्य पाण्यात कालवले की काही मिनिटांत लवचीक होऊन घट्ट बसते. नटाचे केस पातळ टोपीखाली बांधतात. भुवया व पापण्यांना व्हॅसलीन लावतात. मग कालवलेले ॲल्जिनेट कपाळापासून खाली पसरवतात व त्याला आधार म्हणून वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या चढवतात. अस्थिभंगावर बांधतात त्याच या पट्ट्या होत.

या वेळी नटाचे डोळे व तोंड मिटलेले असते आणि कानांवरही लेप असतो. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध केवळ दोन नाकपुड्यांपुरता उरतो. म्हणून एका साहाय्यकाने सतत नाकपुड्यांकडेच पाहायचे, दुसरे कोणतेही काम करायचे नाही, असा नियम असतो. नटाशी आधीच हाताच्या खुणा ठरवून घेतात. एक बोट वर म्हणजे ठीक आहे. हात हलवला म्हणजे ताबडतोब सारे काढा. ज्याला बंद जागेची भीती वाटते त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

लेप घट्ट झाल्यावर नटाला चेहरा आक्रसायला सांगतात. त्वचा आतून सुटते आणि ठसा पुढे निघून येतो. त्यात कठीण प्लास्टर ओतले की नटाच्या चेहऱ्याची हुबेहूब मुखप्रतिमा मिळते. ॲल्जिनेट वाळताना आकसते, म्हणून हे ओतकाम लांबणीवर टाकता येत नाही.

शिल्प आणि साचा

मुखप्रतिमेवर न वाळणाऱ्या तेलमातीने नवे नाक, नवी हनुवटी किंवा वृद्ध गाल घडवतात. येथे अभ्यासक शिल्पकार होतो. वार्धक्य म्हणजे सुरकुत्यांची संख्या नव्हे, हे त्याला याच पायरीवर कळते. वय वाढते तशी गालांवरची चरबी खाली ओघळते, कानशिले खोल जातात, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी जड होते, कानाची पाळी लांबते, ओठ पातळ होतात. सुरकुती ही या सगळ्याचा परिणाम असते. ज्याने आधी केवळ सुरकुत्या कोरल्या त्याचे शिल्प चुरगळलेल्या कागदासारखे दिसते.

शिल्प पुरे झाल्यावर त्याच्यावर दुसरा साचा घेतात. पेणच्या गणेशमूर्तींचे कारखाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना साच्याचे तत्त्व नव्याने सांगायला नको. साचा मूर्तीवरून अडथळ्याविना सुटला पाहिजे. जेथे आकार आत वळतो तेथे कठीण साचा अडकतो व मूर्तीचा तुकडा मोडतो. येथे एक गोष्ट अधिक असते. साचा दुहेरी असतो. एका भागात नव्या चेहऱ्याचा बाह्य आकार व दुसऱ्या भागात नटाचा मूळ चेहरा. दोन्ही भाग एकमेकांवर खाचांच्या आधारे नेमके बसवले की त्यांच्यामध्ये जी पोकळी उरते, तोच भावी अवयव. बाहेरून ती पात्राची असते व आतून नटाची. या पोकळीत द्रव्य भरायचे असते.

तीन द्रव्ये

पहिले द्रव्य म्हणजे फोम लॅटेक्स. रबराच्या झाडाचा चीक इतर द्रव्यांसह यंत्राने घुसळून त्याचा फेस करतात, साच्यात भरतात व सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत काही तास भाजतात. तयार होणारा अवयव स्पंजासारखा हलका असतो व चेहऱ्याबरोबर उत्तम हलतो. परंतु तो अपारदर्शक असल्याने त्याचा रंग वरून चढवावा लागतो.

दुसरे जिलेटिन. ते स्वस्त आहे, स्वयंपाकघरातील शेगडीवर वितळते, त्वचेसारखे अर्धपारदर्शक दिसते आणि बिघडल्यास पुन्हा वितळवता येते. शिकाऊ माणसासाठी याहून चांगला सोबती नाही. पण मे महिन्यात दिल्लीचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा प्रखर दिव्यांखाली, घामाने ओल्या चेहऱ्यावर जिलेटिन मऊ पडून ओघळू लागते. परदेशी पुस्तकांतील कृती वाचताना हवामानाचा हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

तिसरे सिलिकॉन. आजच्या चित्रपटांत त्याचा वापर सर्वाधिक होतो. प्रकाश त्यात थोडा आत शिरून परततो, म्हणून ते जिवंत त्वचेसारखे वाटते. मात्र ते मानी आहे. या कामात वापरले जाणारे प्लॅटिनमयुक्त सिलिकॉन गंधकाचा अंश असलेल्या मातीच्या किंवा लॅटेक्सच्या हातमोज्यांच्या संपर्कात आले तर घट्टच होत नाही. चिकट लगदा तसाच राहतो. कित्येक नवशिक्यांचा पहिला साचा हातमोज्यांच्या चुकीच्या निवडीमुळे वाया जातो.

कड

आता या विद्येच्या मर्माकडे वळू. कृत्रिम नाक कितीही सुंदर घडवले तरी कोठेतरी ते संपते आणि नटाची त्वचा सुरू होते. ती सीमारेषा म्हणजे कड. प्रेक्षकाच्या नजरेला ती एकदा सापडली की तो पात्र पाहायचे सोडून रबर पाहू लागतो.

म्हणून शिल्प घडवतानाच मातीची जाडी कडेकडे उतरवत शून्याला नेतात. साच्यात कडेलगत एक पन्हाळ ठेवतात. दाबताना जास्तीचे द्रव्य त्यात वाहून जाते व कड कागदाहून पातळ निघते. अवयव चेहऱ्यावर चिकटवताना मध्यापासून बाहेर जातात. जिलेटिनची कड हलक्या द्रावणाने विरघळवून त्वचेत मिसळतात. सिलिकॉनच्या अवयवाभोवती प्लास्टिकचे तलम कवच असते, त्याची कड अल्कोहोल किंवा ॲसिटोन यांपैकी त्या कवचाला जुळणाऱ्या द्रावकाने विरवतात. त्यावर रंग एकाच लेपाने देत नाहीत. तांबडे, पिवळे, निळसर असे पातळ थर, त्यांवर ब्रशने उडवलेले बारीक ठिपके, मग शिरांचा व डागांचा आभास. खरी त्वचा एकरंगी कधीच नसते.

इतिहासातही प्रगतीची दिशा हीच दिसते. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी जॅक पिअर्स यांनी बोरिस कार्लॉफ यांच्या डोक्यावर कापूस व कलोडियन यांचे थर रोज नव्याने रचले. पुढे रबरी अवयव आले, तरी ते बहुधा एकाच अखंड तुकड्याचे असत. डिक स्मिथ यांनी ‘लिट्ल बिग मॅन’ (१९७०) या चित्रपटात डस्टिन हॉफमन यांना १२१ वर्षांचा वृद्ध बनवताना चेहऱ्याचे अनेक वेगवेगळे, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे केले. पापणी स्वतंत्र हलली, गाल स्वतंत्र हलला, आणि वृद्ध जिवंत झाला. १९८० च्या ‘द एलिफंट मॅन’साठी ख्रिस्तोफर टकर यांनी जोसेफ मेरिक या एकोणिसाव्या शतकातील दुर्दैवी माणसाच्या शरीराचे लंडनच्या रुग्णालयात जपलेले प्लास्टरचे साचे आधाराला घेतले. त्या कामाला ऑस्कर देण्याची सोयच नव्हती, याबद्दल नाराजी व्यक्त झाली. त्यानंतर १९८१ च्या चित्रपटांपासून रंगभूषेचा नियमित पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान रिक बेकर यांना मिळाला.

देहाची जबाबदारी

रंगभूषाकाराच्या हाती दुसऱ्याचा देह असतो. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटात पत्र्याच्या माणसाच्या भूमिकेसाठी प्रथम बडी एब्सन यांची निवड झाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची भुकटी फासली जाई. ती श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली, ते रुग्णालयात दाखल झाले आणि भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली. त्या नटासाठी भुकटीऐवजी लेप वापरण्यात आला. तेवढा बदल आधी सुचला असता तर एका माणसाचे हाल टळले असते.

नित्याचे नियम साधे आहेत. प्रत्येक चिकटद्रव्याची व रंगाची चाचणी नटाच्या हाताच्या आतील बाजूवर किमान एक दिवस आधी घ्यावी. लॅटेक्सचे वावडे असणारी माणसे असतात. त्यांना विचारल्याविना काम सुरू करू नये. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापते. २००७ मध्ये इंग्लंडमधील एका शाळकरी मुलीने हाताचे साचे घेण्यासाठी बादलीतील प्लास्टरमध्ये हात घातले आणि तिला बोटे गमवावी लागली. म्हणून प्लास्टरचा लगदा चेहऱ्यावर वा हातावर थेट कधीही लावू नये. भुकट्या कालवताना नाकावर पट्टी असावी व खोलीत हवा खेळती असावी. अवयव काढताना ओढू नये. योग्य द्रावकाने कडेपासून हळूहळू सोडवावा, मग त्वचा धुऊन तिला मलम लावावे. चढवायला चार तास लागले तर काढायला एक तास राखून ठेवावा. थकलेला नट घाई करतो, आणि रंगभूषाकाराने त्या घाईला शरण जायचे नसते.

विद्येची दारे

ही विद्या आपल्याकडे दीर्घकाळ गुरूच्या हाताखालीच मिळत असे. बाबा वर्दम यांच्या हाताखाली तयार झालेले पंढरीदादा जुकर यांनी कित्येक दशके हिंदी व मराठी नट-नटींचे चेहरे सजवले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’ व ‘द डर्टी पिक्चर’ या २०११ च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०२५ मध्ये तेही गेले. रंगभूषेच्या राष्ट्रीय पुरस्काराची सुरुवातच मुळी २००६ च्या चित्रपटांपासून झाली आणि पहिला मान ‘ट्रॅफिक सिग्नल’साठी अनिल मोतीराम पालांडे यांना मिळाला. परंतु संपूर्ण चेहरा पालटणाऱ्या कृत्रिम अवयवांसाठी निर्माते परदेशाकडे पाहत. ‘इंडियन’ (१९९६) मधील कमल हासन यांच्या वृद्ध रूपासाठी मायकेल वेस्टमोर आले. ‘पा’ (२००९) मध्ये साठी ओलांडलेले अमिताभ बच्चन बारा वर्षांचा आजारी मुलगा झाले, ते ख्रिस्टियन टिन्स्ली व डॉमिनी टिल यांच्या हातून. राष्ट्रीय पुरस्कारही त्या दोघांना मिळाला.

देशात हात नव्हते असे नाही. काही हातांना दार बंद होते. मुंबईतील रंगभूषाकारांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे स्त्रीला केशभूषाकार म्हणून सदस्यत्व मिळे, रंगभूषाकार म्हणून नाही. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याची अटही होती. म्हणजे दिल्लीत शिकून मुंबईत काम शोधणारा पुरुषही अडखळे आणि स्त्रीला तर वाटच नसे. चारू खुराना या परदेशात शिकून आलेल्या रंगभूषाकार स्त्रीने या नियमांना आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन्ही अटी घटनाबाह्य ठरवल्या. पहाडगंजपासून काही किलोमीटरवर, टिळक मार्गावर झालेला हा निवाडा रंगभूषेच्या इतिहासातला मोठा टप्पा मानला पाहिजे. पुढे प्रीतीशील सिंग आणि क्लोव्हर वूटन या दोन स्त्रियांना ‘नानक शाह फकीर’साठी २०१५ च्या चित्रपटांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रीतीशील सिंग यांना ‘गंगूबाई काठियावाडी’साठी तो पुन्हा लाभला.

ज्ञान दडवण्याच्या प्रथेला डिक स्मिथ यांनी आपल्या परीने उत्तर दिले. पत्र लिहून प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी मुलांना ते आपली रहस्ये सविस्तर कळवत. रिक बेकर हे अशाच मुलांपैकी एक. २०११ मध्ये स्मिथ यांना ऑस्करचा मानद पुरस्कार मिळाला, तो कलेइतकाच या उदार शिकवणुकीचाही गौरव होता.

अभ्यासाचा क्रम

दिल्लीतील अभ्यासकाला साधने दूर नाहीत. मंडी हाउसजवळच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना १९५९ मध्ये झाली. तेथील शिक्षणात रंगभूषेचा समावेश आहे. टिळक मार्गावरील कला महाविद्यालयात शिल्पकलेचा विभाग आहे. तेथे प्रवेश मिळो अथवा न मिळो, अभ्यासाचा क्रम तोच राहतो.

पहिले तीन महिने केवळ निरीक्षण व रेखाटन करावे. रेल्वेस्थानकाच्या बाकावर बसून वृद्धांचे कान, हमालांच्या मानेवरील शिरा, उन्हाने रापलेल्या कपाळाचे रंग वहीत टिपावेत. कवटीची हाडे व चेहऱ्याचे स्नायू नावांनिशी पाठ असावेत. पुढील तीन महिने मातीत नाक, कान व हात घडवावे. त्यानंतर जिलेटिनची लहान जखम, मग एक नाक, मग कपाळ. एकाच नाकाचा साचा दहा वेळा भरावा आणि दहा कडा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. पूर्ण चेहऱ्याचा ठसा जाणकाराच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. प्रत्येक कामाची द्रव्यांचे वजन, वेळ व हवेतील उष्णता यांसह नोंद ठेवावी. बिघडलेल्या साच्याचे कारण बहुधा त्या नोंदीतच सापडते.

शेवटी प्रत्येक काम तीन अंतरांवरून तपासावे: खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, हाताच्या अंतरावरून आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून मोठे करून. पहिल्या दोन ठिकाणी उत्तम वाटलेले नाक तिसऱ्या ठिकाणी फसते, हा अनुभव प्रत्येकाला येतो. तेव्हा निराश न होता कड कोठे उचलली आहे ते पाहावे, मातीकडे परत जावे आणि तेथली जाडी आणखी थोडी उतरवावी.